मला ऐकू आलं नव्हतं

"शब्द सांगा," असं म्हणून बाई समोरच्याच्या तोंडापुढे हात आडवा धरायच्या, चहा नको म्हणताना आपण कपावर धरतो तसा. तुम्ही त्यांच्याकडे कुणाची तक्रार घेऊन गेला असतात, तर तो हात तुमच्यापुढेही आला असता. कुणी काय म्हटलं याचा सारांश त्यांना चालायचा नाही.

त्यांची सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून झाली होती. निवृत्तीनंतर गिरगावातली खोली सोडून त्या जेसल पार्कला आमच्या इमारतीत राहायला आल्या. एकट्याच होत्या. साक्षीदाराने दिलेली शिवीही जशीच्या तशी उतरवायची, मध्ये फुल्या घालायच्या नाहीत, हे त्या शांतपणे सांगायच्या आणि लगेच विचारायच्या, "अजून एक लाडू घेता?"

एकदा बी विंगमधले एक काका लालबुंद होऊन आले. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपली बदनामी झालीय, आपण पोलिसांत जाणार.

"शब्द सांगा."

"ते तोंडाने सांगण्यासारखं नाही हो."

शेवटी मोबाईल उघडला. मजकूर होता, "काका, पार्किंगमध्ये कुंड्या ठेवू नका." बाईंनी तो दोनदा वाचला. "यात झालीच असेल तर कुंड्यांची बदनामी झालीय," त्या म्हणाल्या. काका हसले नाहीत, पण पोलिसांतही गेले नाहीत.

आमचं छोटं वाचनालय त्याच रस्त्यावर एका गाळ्यात होतं, आणि मी त्याचा सेक्रेटरी. गाळा जवळच्या राई गावातल्या एका बड्या माणसाचा. त्यांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती, आता डंपर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गाळा त्यांनी आम्हाला फुकट वापरायला दिला होता आणि त्याचा उल्लेख कधी केला नव्हता, हेही सांगायला हवं.

दर रविवारी सकाळी तिथे वादविवाद व्हायचा. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्या रविवारचा विषय होता, 'इंटरनेटवरच्या बोलण्याला कायद्याने लगाम घालावा का?' माझ्या चिठ्ठीत 'नको' आलं, बाईंच्या 'हवा'.

मी त्या दिवशी छान बोललो. भीतीने आपण एक ओळ पुसली की पुढची ओळ आपण लिहीतच नाही, असं काहीतरी म्हणालो. टाळ्या पडल्या. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "एका खोट्या वाक्याने आयुष्यातून उठलेली माणसं मी कोर्टात पाहिलीत. खोटं पूर्वी गल्लीत फिरायचं, आता गावभर फिरतं. कायदा हवा. फक्त दोरी कुणाच्या हातात देताय ते आधी बघा." त्यांना टाळ्या कमी पडल्या.

मागच्या खुर्चीवर तन्वी बसली होती. राईची मुलगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील खाडीत होडी घालतात. एरवी भांडून बोलणारी ही पोरगी त्या दिवशी गप्प होती. दोन दिवसांपूर्वी तिने फेसबुकवर एक फोटो टाकला होता. खाडीच्या कडेला तिवरांवर डंपर राडारोडा ओततोय, नंबरप्लेट स्पष्ट. डंपर दादांचा होता.

वादविवाद संपत आला होता तेवढ्यात दादा आत आले. बरोबर पाच-सहा माणसं. एरवी दारात चप्पल काढणारे दादा त्या दिवशी चपलांसकट आले.

"कोन हाय ती पोरगी?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दादा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "संध्याकाळपर्यंत तो फोटो काढ. न्हाय काढलास तं तुज्या बापाची होडी खाडीत राहनार न्हाय. आनि तू कॉलेजला कशी जातस ता मी बघतो. सहासष्ट ए लावीन."

"आयटी कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टाने कधीच रद्द केलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर वही होती आणि पेन्सिल चालू होती.

"तुमी काय लिवताय?"

"तुम्ही बोलताय ते."

"मी काय वाईट बोललो?"

बाईंनी वाचून दाखवलं. होडीपासून कॉलेजपर्यंत, एकही शब्द न गाळता, त्या सपाट आवाजात. दादांच्या तोंडून ऐकताना वाटलं नव्हतं एवढी भीती मला तेव्हा वाटली.

"असा मी बोललोच न्हाय," दादा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुमी सांगा. असा बोललो मी?"

मला गाळ्याची किल्ली आठवली. कपाटातली पुस्तकं आठवली. खरं सांगायचं तर हे सगळं नंतर आठवलं. तेव्हा फक्त त्यांच्यामागची ती माणसं दिसत होती.

"मला नीट ऐकू आलं नाही, दादा. पंख्याचा आवाज आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन्सिल पुन्हा चालली. माझंही वाक्य त्यांनी वहीत उतरवलं.

दादा गेल्यावर त्यांनी तन्वीला जवळ बसवलं आणि फोटोखालचा मजकूर वाचायला लावला. "'आमच्या खाडीत भराव टाकतायत. गाडीचा नंबर बघा. वरपर्यंत हप्ते जातात.' हप्ता जाताना तू पाहिलास?"

"नाही, पण सगळ्यांना माहितीय."

"सगळे कोर्टात येत नाहीत. ते वाक्य काढ."

तन्वीचे डोळे भरले. "म्हणजे तुम्ही पण त्यांच्याच बाजूच्या?"

"उरलेली दोन वाक्यं आणि फोटो तू पाहिलंस ते आहे. ते काढायला सांगायला कुणी आलं, तर मी तुझ्या शेजारी बसेन."

तिने तिसरं वाक्य काढलं आणि ते का काढलं हेही खाली लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाई तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. टाइप केलेली दोन पानं दिली, सही केली. दादांनीही बदनामीची तक्रार दिली. मग एकेकाला बोलावणं आलं. तन्वी सोडून गाळ्यात आम्ही अकरा जण होतो. दहा जणांना ऐकू आलं नव्हतं. पंख्याची सबब माझी, पण बऱ्याच जणांनी तीच सांगितली.

तन्वीचे वडील बाईंकडे आले. "ताई, काढू द्या ना तिला. आमी खाडीवर जगतो."

"ती काढणार असेल तर काढू दे," बाई म्हणाल्या. "तिला विचारा. मला नको, दादांना नको."

तिने काढलं नाही. पंधरा दिवसांनी एका सकाळी होडीच्या बुडाला भोक पडलेलं सापडलं. ते कुणी पाडलं हे मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. आणि गाळा? महिन्याभरात दादांनी त्याला आपलं कुलूप लावलं. पुस्तकं अजून माझ्या घरी पलंगाखाली आहेत.

या काळात बाई जिन्यात भेटायच्या, हसायच्या, पाणी आलं का विचारायच्या. पण माझ्या कुठल्याही बोलण्यावर तो हात पुन्हा आडवा आला नाही. एके संध्याकाळी खाडीकाठी त्या भाजी घेताना दिसल्या. मी जवळ गेलो. "बाई, मला त्या दिवशी ऐकू आलं होतं."

"माहीत आहे. तुमची खुर्ची माझ्या शेजारी होती." त्यांनी मेथीची एक जुडी उचलून पिशवीत टाकली आणि दुसरी माझ्या हातात दिली. "ही घ्या. कोवळी आहे."

दिवाळीच्या आधी छातीत दुखतंय म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. तन्वी आणि तिचे वडील स्मशानात शेवटपर्यंत थांबले.

त्यानंतर काही आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. "त्या मॅडम वारल्या ना? ती मुलगी सोडली तर धमकीचं त्यांच्याशिवाय कुणीच बोललेलं नाही. फाईल पुढे पाठवायचीय. तुमचं म्हणणं आहे तेच ना?"

मी सकाळी स्वतः गेलो. टेबलापलीकडे तरुण सब-इन्स्पेक्टर होते. मी होडीपासून कॉलेजपर्यंत सगळं सांगितलं, दादांच्याच शब्दांत. ते टाइप करत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"घाबरलो होतो."

त्यांनी मान हलवली, प्रिंट काढली आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी वाचला. एक वाक्य नव्हतं.

"साहेब, घाबरलो होतो ते राहिलं."

"त्याची काही गरज नाही हो. उगाच तुमचाच जबाब कच्चा होईल."

"तरी घाला."

मग त्यांनी कागद फाडला आणि कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला.