पहिल्या मजल्यावरची गादी

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं आलात तेव्हा जालना रोडवरच्या एका बंद इमारतीकडे बोट दाखवून विचारलं होतं, की इथे काय होतं. रिक्षाच्या आवाजात मला नीट सांगता आलं नाही. आता क्रमाने सांगते.

तिथे कपड्यांचं आणि घरसामानाचं मोठं, स्वस्त दुकान होतं. एकाच मालकाची अशी बरीच दुकानं होती. सगळीकडे पाटी सारखी आणि भावही सारखे. पहिलं आपल्या शहरात निघालं, मग बजाजनगरला, मग सिल्लोड आणि पैठणला. त्याआधी साडी घ्यायची म्हणजे गुलमंडीच्या जुन्या बाजारात जायचं, आणि भाव असायचा दुकानदाराच्या मनात. माणूस बघून तो ठरायचा. इथे भाव चिठ्ठीवर छापलेला असे आणि कारखान्याच्या साहेबाला आणि त्याच कारखान्यातल्या कामगाराला तो एकच असे. वस्तू हातात घ्या, उलटीसुलटी करा, परत ठेवा. कोणी तोंड वाकडं करत नसे. काचेच्या दारातून आत जायला ज्यांना भीड वाटायची, त्या बायका इथे तासभर गारव्यात हिंडायच्या. सुरुवातीला कित्येक जण चपला दाराबाहेर काढून आत जायचे. नका काढू, असं सांगून रखवालदार दमला आणि शेवटी त्याने तिथे एक लाकडी मांडणीच आणून ठेवली.

पुढे लोक फोनवरून कपडे मागवू लागले, एकेक शाखा बंद पडली. शेवटी मी गेले तेव्हा आतल्या फळ्यासुद्धा विकायला काढल्या होत्या. त्यांना धंदा जमला नाही असं लोक म्हणतात. मला ते मान्य नाही. चूक दिसली की ती त्याच दिवशी सुधारणारं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांच्या प्रत्येक शाखेत, पहिल्या मजल्यावर साड्यांच्या विभागात, एक पांढरी गादी असायची. ती कशी आली हे मला माहीत आहे, कारण मूळ चूक माझी होती.

आपल्याकडे तेव्हा पोळ्या करायला एक बाई येत. त्यांच्या मुलीचं लग्न पैठणकडच्या एका घरात ठरलं. लग्नाआधी दोन्ही घरची माणसं मिळून कपडे घेतात, त्याला बस्ता म्हणतात. दुकानदार सगळ्यांना गादीवर बसवतो, चहा देतो, साड्या उलगडून दाखवतो. मानपानाची पहिली परीक्षा तिथेच होते. मी त्या बाईंना म्हटलं, गुलमंडीत कशाला, या नव्या दुकानात चला. कोणासाठी काय घ्यायचं याची मी विभागवार यादीही केली. बसायचं कुठे, हे माझ्या यादीत नव्हतं.

मुलाकडची चौदा माणसं आली. साड्या पाकिटांत घडी घालून फळ्यांवर रचलेल्या होत्या. 'पाकीट उघडू नये' अशी सूचना होती. खुर्ची एकही नव्हती. पाहुणे ढकलगाड्या धरून उभे राहिले. मुलाची आत्या, त्या घरात जिचा शब्द चाले, तिने सगळीकडे नजर फिरवली.

"उभ्या उभ्या बस्ता? आमच्याकडं मयताचं कापडबी बसून घेत्यात."

"पाणी तरी इचारील का कोणी?" मुलाचे वडील म्हणाले. "का तेबी फळीवरून काढून घ्यायचं?"

दोघं-तिघं हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मुलीची आई माझ्याजवळ सरकल्या. "ताई, हे आता गेले तर परत यायचे नायत," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीचं लग्न मोडंल." आत्याबाईंनी पिशवी काखेत मारली होती. मी कुठे खुर्ची मिळते का बघायला वळले.

साड्यांच्या विभागावर देखरेख करणारी एक मुलगी होती, पंचविशीची, डोक्यावर ओढणी. ती सगळं पाहत होती. तिने दोन ढकलगाड्या आडव्या लावून ती गल्ली बंद केली, शेजारच्या विभागातल्या नव्या पांढऱ्या चादरी काढल्या आणि सोबतिणीला म्हणाली, "ये, पकड, बिछा." रखवालदाराला चहा सांगितला. मग पाहुण्यांकडे वळली.

"मावशी, बसा. गादी टाकायला आमालाच उशीर झाला, माफी करा. मामा, तुमी मधी बसा."

उशीर वगैरे काही नव्हता. तिथे गादी कधीच नव्हती. माणसं मात्र बसली. ती स्वतः समोर मांडी घालून बसली आणि तिने पहिलं पाकीट फाडलं. हाताच्या एका झटक्यात साडी पदरापर्यंत उलगडून पाहुण्यांच्या गुडघ्यांपाशी आली.

आत्याबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "दुकानदाराची दिसतीस."

"व्हय. सिल्लोडला अब्बांचं कापडाचं दुकान हाय. मी गादीवरच रांगले."

"मग इथं काय करतीस?"

"अब्बांच्या गादीवर भाऊ बसला, मावशी. आमाला उभ्याची नोकरी."

या वेळचं हसू वेगळं होतं. चहा आला. साड्यांचा ढीग चढत गेला, फाडलेली पाकिटं तिच्या पाठीमागे साचत गेली. मालकाने तिला आधी जाब विचारला आणि मग महिन्याभरात शाखेशाखेत गादी घालायला पाठवलं, हे सगळं नंतरचं. त्या वेळी तिने फक्त विचारलं, "आधी कोणाची काढू? सासूबाईंची का आत्याबाईंची?"

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "आधी नवरीचा शालू दाखव. आमच्या पोरीला हिरवा लई खुलंल."

मुलीची आई अजून खांबाला टेकून उभ्या होत्या. आत्याबाईंनी शालूवरून नजर न काढता थोडं सरकून शेजारी जागा केली.

"विहीणबाई, तुमी काय पाहुण्या हाव का? बसा इथं."

त्या बसल्या, आणि शालूचा पदर दोघींनी मिळून उजेडात धरला.