केसपेपरवरचं नाव

मी पहिल्यांदा केसपेपर लिहायला बसले, त्याच दिवशी एका धडधाकट बाळंतिणीच्या नवऱ्याला तासभर ढसाढसा रडायला लावलं. तेव्हापासून कुणाचंही नाव लिहिताना माझा हात जरा थांबतो. इथे तर मी कुणाचंच नाव घेणार नाही. आमच्या घरची चालच तशी होती, आणि माझ्या माहितीत ती मोडली गेली फक्त एकदा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी धुळ्याला, देवपुरातल्या मुलींच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते आणि शाळेच्याच वसतिगृहात राहत होते. घर पारोळ्याजवळच्या खेड्यात. थोडी कपाशी, थोडी ज्वारी, दोन बैल, आणि माझ्या शिक्षणाबद्दल गावाची न मागता मिळणारी भरपूर मतं.

आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी आणि पांझरा नदीपलीकडच्या एका दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी मिळून एक बेत ठरवला. शाळेने मॅट्रिकच्या आठ मुली दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दवाखान्यात पाठवायच्या. दवाखान्याने त्यांना दोन-तीन तास काम शिकवायचं, आणि वर्षाअखेरीला ज्या टिकतील त्यांना आपल्या नर्सिंगच्या वर्गात घ्यायचं. मोठ्या बाईंना वाटे, मॅट्रिक झालेली मुलगी थेट चुलीपुढे जाऊन बसू नये. मेट्रनबाईंची गरज वेगळी होती. त्या कोकणातल्या. 'पोट दुखस' इतकं त्यांना कळे, पण ते कधीपासून, कशाने आणि कुणामुळे हे रोगी सांगू लागला की त्या असहाय होऊन खिडकीबाहेर बघत. त्यांना इथली बोली समजणाऱ्या मुली हव्या होत्या.

मोठ्या बाईंनी वर्गात विचारलं, "रक्त बघून कुणाला चक्कर येत नाही?" मी हात वर केला. चक्कर येते की नाही हे मला माहीतच नव्हतं. पण दर शनिवारी पूल ओलांडून गावात जायला मिळेल, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीचे शनिवार खाटेवरची चादर घालण्यात गेले. कोपऱ्याची घडी अशी बसली पाहिजे की रोगी रात्रभर लोळला तरी ती सुटता कामा नये. आम्ही वसतिगृहातल्या गोधड्यांवर सराव केला. गोधड्यांनी दाद दिली नाही. मग पट्ट्या आल्या. एकमेकींचे हात, पाय, बाकाचे पाय, जे सापडेल ते बांधून काढलं. डोक्याची पट्टी कुणालाच जमेना, तेव्हा मोठ्या बाई स्वतः खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बांधा." पट्टी अर्धी झाली आणि तास संपला. बाई वेळेच्या पक्क्या. त्या तशाच उठून घंटा द्यायला गेल्या. पाचवीच्या मुलींनी त्यांना बघून जो गलका केला, तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल.

महिन्याभराने मेट्रनबाईंनी मला बायकांच्या वॉर्डच्या टेबलाशी बसवलं. मी पेन सरसावून बसले. पहिलीच आली ती बाळंतीण. बैलगाडीतून दवाखान्यात येता येता वाटेतच मोकळी झालेली. सोबतची शेजारीण गाडी घेऊन निरोप द्यायला गावाकडे परत गेली होती. बाईने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" तिने पदर दातात धरला.

"अवं पोरी, घरधनीनं नाव कोनी बाई लेस का?"

मला हे नवीन नव्हतं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावात एका वाराचं नाव येतं. म्हणून आईने जन्मभर आठवड्यात सहाच वार मोजले. सातव्याला ती 'बाजारना दिवस' म्हणे. तेव्हा मी आग्रह केला नाही. म्हटलं, "मंग नावनी काही खून तरी सांग."

ती म्हणाली, "माकडे लिसन ज्या देवनी समुद्रवर पूल बांधा ना, त्यानं नाव."

एवढं सोपं! मी खुशीत लिहून टाकलं आणि चादरी घालायला दुसऱ्या वॉर्डात गेले. त्या देवाला नावं काय थोडी आहेत? मी नेमकं दुसरंच लिहिलं होतं.

तासाभराने तिचा नवरा धापा टाकत आला. खिडकीतल्या कारकुनाला त्याने आपलं नाव सांगितलं. कारकुनाने केसपेपरांवरून नवऱ्यांच्या नावाने भरलेल्या वहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, तुमची बाई इथे नाही. बायको गाडीत बाळंत झाली हे त्याने ऐकलेलंच होतं. त्याने पुढचं सगळं मनाशी ठरवलं आणि अंगणातल्या निंबाखाली बसून मोठ्याने गळा काढला. सोबत आणलेलं लाडवांचं गाठोडं शेजारी ठेवलं होतं. आजूबाजूच्या बायका त्याची समजूत घालता घालता स्वतःही रडू लागल्या. शेवटी हा कसला आकांत म्हणून बघायला बाळंतीण बाळाला घेऊन ओसरीवर आली.

"अहो," ती ओरडली, "तथा कसाले रडी ऱ्हायनात? पोऱ्या व्हयना!"

सगळा दवाखाना हसला. लाडू वाटले गेले, मलाही एक मिळाला. मेट्रनबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला खोलीत बोलावलं. "आज एक माणूस रडला आणि हसला. उद्या चुकीच्या नावावर चुकीचं औषध गेलं, तर हसायला कोण उरेल? अंदाजाने लिहायचं नाही. माहीत असणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, मगच लिहायचं. आणि पुढच्या शनिवारपासून या वॉर्डातली सगळी नावं तूच लिहायचीस."

मला ती शिक्षा वाटली. वसतिगृहात जाऊन मी तोंडावर पांघरूण घेऊन पडले. पण पुढे त्या कामाची अशी काही गोडी लागली की शनिवारची वाट बघू लागले. मी बायकांची लेकरं हेरायची. चार वर्षांचं पोर बापाचं नाव ठणकावून सांगतं. शेजारच्या खाटेवर त्याच गावची बाई आहे का बघायची. एका म्हातारीने तर नाव नातवाच्या कानात सांगितलं आणि त्याला माझ्याकडे पाठवलं. या सगळ्या खटाटोपात बायका बोलत्या व्हायच्या. नाव विचारता विचारता दुखणं कळायचं, दुखण्याआडचं घर कळायचं. दिवाळीपर्यंत माझं ठरलं होतं: मला हेच करायचं आहे, दुसरं काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी सांगितलं. आबा म्हणाले, "तुन्ही मायले इचार." म्हणजे त्यांच्यापुरता होकार होता. आई भाकरी थापत होती, ती थांबली.

"लोकेस्ना मळ उचलाले तुले शाळामा धाडं का? परका मानूसले हात लावशी? घान नही वाटाव तुले?"

मी पुष्कळ समजावलं. आबांच्या पायाला पट्टी बांधून दाखवली. आधी पाणी कसं उकळायचं, फडकं कसं धुवायचं, सगळं साग्रसंगीत. आबा कौतुकाने पाय पुढे करून बसले. आईने चुलीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत वळवलं नाही. मी धुळ्याला परत आले ती रडवेली होऊन.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली आणि नर्सिंगच्या वर्गात नाव नोंदवायची मुदत आली. पालकाने स्वतः यायचं, असा नियम होता. आदल्या वर्षी एका मुलीने कुठून तरी उसना मामा धरून आणला होता. मेट्रनबाईंनी त्याला मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं आणि मामांची बोबडी वळली. तेव्हापासून मेट्रनबाई मुलीच्या वडिलांचं नाव लिहिलेलं शाळेचं पत्र टेबलावर पालथं ठेवत, मुलीला गप्प उभं करत आणि पालकाच्या तोंडून वडिलांचं नाव ऐकून ते पत्राशी ताडून बघत.

आबांचं कार्ड आलं होतं: शेवटच्या दिवशी येतो. मी सकाळपासून दवाखान्याच्या फाटकात उभी होते. पारोळ्याची पहिली एसटी येऊन गेली असणार, तरी आबांचा पत्ता नाही. दुपार झाली. माझ्या बरोबरच्या मुली नावं नोंदवून हसत बाहेर पडत होत्या, आणि मला त्यांचा रागच येत होता. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला आई दिसली. एकटी. ती कधी पारोळ्याच्या पुढे एकटी गेली नव्हती.

"आबा कथा शेतस?" मी विचारलं.

"वखरनं पातं लागनं पायले. चार दिन व्हयी ग्यात. यष्टीमा चढता येस नही." मग जरा थांबून ती म्हणाली, "मीच बांधी पट्टी. तू दिवाईले बांधी व्हती ना, तशी. पानी उकाळं, फडकं धोयं."

म्हणजे चुलीकडे तोंड करून तिने सगळं बघितलं होतं!

"रगत पुसं, पू काढा," ती म्हणाली. "माले घान वाटनी नही. मंग तुले कसाले रोकू?"

मला वाटलं, सगळं सुटलं. खोलीत शिरल्यावर लक्षात आलं की खरी अडचण अजून समोरच होती. मेट्रनबाई आणि मोठ्या बाई दोघी बसल्या होत्या. पत्र पालथं होतं. मला दाराशी गप्प उभं केलं. गाव, शेत, मुलीचं वय, आईने सगळं नीट सांगितलं.

"हिच्या वडिलांचं नाव?"

आईने पदर पुढे ओढला. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "मेट्रनबाई, इकडच्या बायका..."

"मला माहीत आहे. हिनेच मला वर्षभर शिकवलंय," मेट्रनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "पण बाहेर सात मुलींना नियम लावला आणि हिला सोडलं, तर उद्या हीच मला विचारील."

आईने माझ्याकडे बघितलं. "सांगं नही त लेतस नही का तुले?"

बोलायची मला बंदी होती. मी मान हलवली. नाही.

आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेली आणि खिडकीबाहेर बघत आबांचं नाव घेतलं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, दवंडी द्यावी तसं खणखणीत. तो वार तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मला एकदम रडू फुटलं. मेट्रनबाईंनी पत्र सुलटं केलं, वाचलं, आणि त्यांच्या गोल अक्षरात लिहून घेतलं. आईने अंगठा उठवला आणि शाई केसांना पुसली.

परत येताना पुलावर ती एवढंच म्हणाली, "आबाले सांगजो नको, हां."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घरी पोचलो. आबा खाटेवर पाय लांब करून वाट बघत होते. पट्टी मी सोडून बघितली. जखम स्वच्छ होती. आबांनी विचारलं, "त्या बाईनी काय काय इचारं?"

"काय इचारी? वावर कितलं, पोरनं वय कितलं," आई चुलीपाशी बसत म्हणाली.

"अन् वर्ग कवय सुरू व्हस?"

ती तारीख आणि तो वार तिने मेट्रनबाईंकडून दोनदा विचारून घेतला होता. आता तिने काटवटीत पीठ ओतलं, माझ्याकडे चुकूनही बघितलं नाही, आणि म्हणाली, "जूनमा. बाजारना दिवसले."