सहावं काडतूस

परवा आमच्या शहरातल्या वाडी भागातल्या एका अरुंद गल्लीतून चालले होते. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ओट्यावर एका मशीनचं पोट उघडून ठेवलं होतं आणि छोट्या कुपीतून तो त्यात तेलाचे थेंब सोडत होता. तेल, जुनं लोखंड आणि उन्हाने तापलेली फडकी यांचा मिळून एक वास आला, आणि मी जागच्या जागी थांबले. उजव्या हाताची तर्जनी आपोआप सरळ झाली आणि कशालाही न शिवता ताठ उभी राहिली. मागून स्कूटरवर आलेली बाई "बेन, जरा साइडमां" म्हणाली, तेव्हा कुठे मी बाजूला होऊन भिंतीला टेकले. बोट मात्र अजून तसंच होतं. शरीराची स्मृती मनाच्या स्मृतीपेक्षा हट्टी असते. माझं मन एका सकाळभोवती पुष्कळ गोष्टी रचून बसलं आहे, पण बोटाला तेवढं एकच आठवतं.

मी शाळेत गणित शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर बंदूक हातात घेणारी बाई म्हणजे काहीतरी वेगळंच प्रकरण असणार, असं लोकांना वाटतं. तसं काही नव्हतं. शाळेच्या मुलींना नेमबाजीच्या स्पर्धेला घेऊन गेले होते. वाट पाहता पाहता तिथल्या कुणीतरी एअर रायफल माझ्या हातात दिली. नेम धरताना श्वास सोडून एक क्षण तसंच थांबायचं असतं. त्या क्षणात वर्ग, वह्या, स्वयंपाक, सासरमाहेर सगळं ऐकू येईनासं झालं. इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. पुढच्याच रविवारी मी एकटी तिथल्या रायफल क्लबात गेले, आणि मग तीन वर्षं जातच राहिले. एअर रायफलवरून क्लबच्या पॉइंट टू टू रायफलीवर आले. पन्नास मीटरवरचं वर्तुळ मोहरीएवढं दिसतं, पण त्याच्याशी माझी ओळख झाली होती.

अडचण मनगटाची होती. पूर्वी स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण मनगट पुरतं वळेना. क्लबची रायफल बोल्टची. म्हणजे दर गोळीनंतर हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुन्हा पुढे ढकलायचा. विसाव्या गोळीपर्यंत मनगटातून कळ निघे आणि जमवलेली बैठक विस्कटून जाई. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत ही उठाठेव नाही. एक गोळी सुटली की रिकामं टरफल आपोआप बाहेर उडतं आणि पुढचं काडतूस आपोआप नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, जाऊन बसतं. आपण फक्त दर वेळी ट्रिगर दाबायचा. मला तशी रायफल हवी होती, स्वतःची.

घरात पहिला विरोध नवऱ्याचा. तो बाजव्याजवळच्या रिफायनरीत सुरक्षा विभागात आहे; दिवसभर जे घडू नये त्याचाच विचार करण्याचा त्याला पगार मिळतो. हरणीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात, तीही तो चाकं जमिनीला लागेपर्यंत श्वास रोखून बघतो. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "घरात एक वस्तू अशी येणार की जिच्याबाबत एकदाही चुकायची सोय नाही. तू एकदाही चुकणार नाहीस का?" मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं होतं! त्याने भिंतीत लोखंडी कपाट बसवून घेतलं, आणि त्यानंतर महिनाभर त्या रिकाम्या कपाटाकडे आम्ही दोघंही पाहणं टाळत होतो.

मग अर्ज, दाखले, क्लबची शिफारस, चौकशी. घरी आलेल्या पोलीस जमादाराने चहा घेतला, चारी खोल्या हिंडून पाहिल्या आणि दारात थांबून विचारलं, "बेन, कोई साथे झघडो तो नथी ने?" कुणाशी भांडण नाही ना, एवढंच त्याला हवं होतं. मी नाही म्हटलं. "तो पछी शेना माटे?" मग कशासाठी? कागदावर गोळ्या मारण्यासाठी, हे उत्तर त्याच्या वहीत कसं लिहावं ते त्यालाही सुचेना. परवाना हातात पडेपर्यंत पावसाळा जाऊन थंडी आली होती. दुकानांमधून फिरले. एका दुकानदाराने मला न पाहता माझ्या मागे पाहिलं, "साहेब माटे छे?" साहेबांसाठी का, म्हणाला, आणि साहेब कुणी आलेलेच नाहीत हे कळल्यावर जी रायफल दाखवली तिचा दस्ता माझ्या खांद्याला लावला तर बोटं ट्रिगरपर्यंत पोचेनात. चांगली रायफल म्हणजे भारी रायफल नव्हे, हे मला हळूहळू कळत गेलं. ती आपल्या हाडांच्या मापाची असावी लागते.

अशा वेळी क्लबातले काका भेटले. म्हणजे दिसत दर रविवारी होते, बोलले त्या दिवशी. सत्तरी उलटलेले, उंच, किंचित वाकलेले. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. ते स्वतः कारखान्यात नकाशे काढण्याचं काम करून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक करडा डाग पसरू लागला होता. कडेचं सगळं दिसे, ज्याच्याकडे पाहावं तेच दिसत नसे. नेमबाजाला याहून क्रूर आजार कोणता असेल? त्यांची एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक होती, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली. ती विकायची होती, पण कुणालाही नव्हे. मी विचारलं तेव्हा त्यांनी किंमत सांगितली नाही. खिशातून मोजपट्टी काढली, माझ्या कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर मोजलं, डोळ्यांच्या कडेने आकडा वाचला आणि म्हणाले, "दस्ता पाऊण इंच कापावा लागेल. पण आधी चालवून बघा. तिला तुम्ही आवडायला हव्यात."

एप्रिलमधली ती सकाळ. आठ वाजताच झळा लागत होत्या. रेंजवर आम्ही दोघंच. रेंजचे अधिकारी पलीकडच्या केबिनमध्ये कागद चाळत बसले होते. काकांनी मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीला लावायच्या डबीत, दहा काडतुसं माझ्यासमोर भरली. मी पोटावर आडवी झाले, दस्ता गालाला लावला. लाकडाला माणसाच्या गालाचा गुळगुळीतपणा आला होता. पहिली गोळी सुटली, टरफल टणकन बाजूला पडलं, आणि माझी बैठक केसभरही हलली नाही. मनगट गप्प. दुसरी, तिसरी. पाचव्या गोळीनंतर मी दुर्बिणीतून पाहिलं; पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती. इतका आनंद झाला की हसूच आवरेना. मी मॅगझिन काढून चटईवर ठेवलं, रायफल हातात घेऊन उठले आणि "काका, बघितलंत?" म्हणत वळले.

तीन वर्षं बोल्टच्या रायफलीवर गेलेली. तिथे आपण बोल्ट ओढल्याशिवाय पुढचं काडतूस आत जात नाही, आणि मॅगझिन काढलं की काम संपलं. हातांना तेवढंच ठाऊक होतं. इथे पाचवी गोळी सुटली त्याच क्षणी सहावं काडतूस आपसूक चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. मी ते मोजलंच नव्हतं. वळताना बोट कुठे होतं ते मला आजही सांगता येत नाही. कुठे नव्हतं ते मात्र माहीत आहे: नेम धरलेला नसताना ते असायला हवं तिथे, ट्रिगरच्या बाहेर सरळ.

आवाज तोच होता, फक्त दिशा वेगळी. काकांच्या उजवीकडे, हातभर अंतरावर, छपराचा लाकडी खांब होता. त्यातून एक ढलपी उडाली. काका हलले नाहीत. त्यांना नेमकं काय दिसलं असेल, कुणास ठाऊक. त्यांनी पुढे येऊन माझ्या हातातून नळी खाली वळवली, रायफल घेतली, बोल्ट मागे ओढून आत पाहिलं आणि ती टेबलावर ठेवली. मग स्टुलावर बसले. मीही चटईवर बसले.

केबिनच्या दारातून अधिकाऱ्यांनी हाक मारली, "बधुं बराबर छे ने?" सगळं ठीक ना?

हो म्हणणं किती सोपं होतं. गोळीबाराच्या जागी गोळीचा आवाज कुणाला खटकणार? खांब जुना, त्याला आधीच शंभर खिळ्यांची भोकं. सांगितलं तर माझं क्लबात येणं बंद, शिफारस मागे घेतली जाणार, कदाचित परवानाही जाईल, आणि वर्षभराचे खेटे पाण्यात. आणि झालं काय होतं? कुणालाही काहीही झालं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवून मला डोळ्यांच्या कडेत घेतलं आणि तसेच राहिले. सांग असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, सांगू नकोस असंही नव्हतं. त्या चेहऱ्यावरून मला काहीच उचलता आलं नाही. जे काय करायचं ते माझं मलाच करायचं होतं.

"नाही," म्हणत मी उठले. मराठीतच बोलले, घाबरलं की मला दुसरी भाषा सुचत नाही. "माझ्याकडून चुकून गोळी सुटली. खांबाला लागली. काका थोडक्यात वाचले."

सहा महिने मला रेंजवर पाऊल ठेवायला बंदी झाली. परवान्याच्या शिफारशीबाबत क्लब पुन्हा विचार करील, असं लेखी कळवण्यात आलं. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, तो त्याच्या त्या प्रश्नाची आठवण करून देईल. त्याने बूटही काढले नव्हते. "नोंद केलीस?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ त्याने हातांनी तोंड झाकून घेतलं. नंतर म्हणाला, "आमच्याकडे याला निअर मिस म्हणतात, थोडक्यात टळलेला अपघात. जे लोक ते लपवतात ना, त्यांची मला खरी भीती वाटते." त्या रात्री त्याने मला वाढलं.

आठवड्याने काकांचा फोन आला. रायफल दुसऱ्या कुणाला दिल्याचं सांगतील म्हणून मी तयारीत होते. ते म्हणाले, "रविवारी घरी या. रेंजवर बंदी आहे, माझ्या घरी नाही." दांडिया बाजारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत त्यांनी रायफल टेबलावर ठेवली, खऱ्या काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलपात, आणि माझ्याकडून एकच गोष्ट करून घेतली. मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढा. आत बघा. करंगळी घालून चाचपा. पुन्हा बघा. पन्नास वेळा. पुढच्या रविवारी पुन्हा पन्नास. मध्येच ते एखादं नकली काडतूस चेंबरमध्ये दडवून ठेवत आणि मी गाफील सापडते का पाहत. एका रविवारी सापडले. ते ओरडले नाहीत, रायफल कपाटात ठेवून दिली आणि म्हणाले, "आज चहा घेऊन जा." तो चहा मी उभ्याउभ्याच संपवला. वर्गात मुलांना उदाहरण पुन्हा तपासायला सांगताना आता माझ्या आवाजात काहीतरी वेगळं येतं, असं एक विद्यार्थिनी म्हणाली होती.

बंदी संपली. क्लबने शिफारस मागे घेतली नाही. कलेक्टर कचेरीची परवानगी झाली आणि काकांनी दस्ता पाऊण इंच कापून आणला, कापलेल्या कडेला इतकं सुरेख पॉलिश की सांधा कळू नये. सगळे कागद झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी रायफल माझ्यापुढे धरली. मी थँक्यू म्हणायच्या आधी बोल्ट ओढला, आत पाहिलं, करंगळी घातली. मान वर केली तर काका हसत होते.

"आता तुमची," ते म्हणाले.

निघताना जिन्यात मी धीर करून विचारलं. इतके दिवस ते मनात होतं. "काका, मी तेव्हा सगळं ठीक आहे म्हटलं असतं, तर तुम्ही त्यांना सांगितलं असतं?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीला किका मारत होतं. "नसतं सांगितलं," ते म्हणाले. "मी तुमच्यापेक्षा लहान होतो तेव्हा. असंच झालं होतं, गोळी मित्राच्या कानाजवळून गेली. मी नव्हतं सांगितलं."

"आणि तुमच्या मित्राने?"

"त्यानेही नाही. कुणाला लागलं नव्हतं ना. म्हणूनच नाही सांगितलं." मग म्हणाले, "तो नंतर रेंजवर आलाच नाही. भेटला की हवापाण्याचं बोलायचा. मग तेही बंद झालं."

त्यांना मी कळले होते, आणि आता तेही मला थोडे कळले होते.

काकांना आता कडेचंही फारसं दिसत नाही. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे टार्गेटचे कागद घेऊन जाते. ते बोटांनी भोकं चाचपतात आणि किती गुण झाले असतील ते सांगतात. बहुतेक बरोबर येतं. मी मोठी नेमबाज झाले नाही, होणारही नाही. लागलेल्या गोळ्या कागदावर राहतात आणि कागद रद्दीत जातात. न लागलेली एक मात्र अजून माझ्याजवळ आहे. काकांची त्यांच्याजवळ आहे, मित्र दुरावल्याला किती वर्षं झाली तरी. माणसामाणसांत हातभर अंतर असतं आणि त्यातून काय निघून गेलं ते बहुतेकदा दोघांनाच माहीत असतं. ते मोठ्याने बोललं गेलं, तर पुढे एकत्र बसून चहा घेता येतो.