उपाशी मासे

रिहे गावातील आमच्या शेजाऱ्यांच्या दारातून कोणी न जेवता परतत नाही. मांजरालाही ते "जेवलीस का गं?" असे विचारतात.

त्यांचा भाडेकरू गावी जाताना माशांची काचपेटी त्यांच्यावर सोपवून गेला आणि एका सकाळी वीज गेली. हवेचा पंप थांबला. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. त्यांना भूक लागली असे समजून शेजाऱ्यांनी भाकरी कुस्करायला घेतली. मी त्यांचा हात धरला.

"त्यांना हवा कमी पडते आहे. भाकरी पाण्यात कुजली, तर आहे तीही संपेल. वीज येईपर्यंत खायला काही घालू नका. तांब्याने पाणी काढून उंचावरून परत सोडा."

"व्हय मास्तर. दुसऱ्याचा जीव हाय," म्हणत ते स्टुलावर बसले आणि तांब्याने धार धरू लागले.

दुपारी वहिनींनी ताट वाढले, तरी ते उठेनात.

"अवो, मासं उपाशी, तुमी कशापायी?"

"ह्यांच्या तोंडाकडं बघत घास कसा गिळू? झाकून ठेव."

"बघा मास्तर! माझ्या दुखण्यात ह्येंनी दोन्ही वक्ताला चापून खाल्लं व्हतं."

संध्याकाळी वीज आली, पंप बुडबुडू लागला आणि सगळे मासे खाली पोहू लागले. मी म्हणालो, "पाणी निवळू द्या. खाणे उद्या सकाळी."

"मग माझंबी सकाळीच बघू," ते शांतपणे म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "चिमूटभर आत्ता घातले, तरी चालेल."