सावंतसाहेबांची मिस्सा

"अंकल, बाहेर या! त्या हापिसात सावंत नावाचा माणूसच नाही!"

शेजारचा इनास माझ्या अंगणात उभा राहून ओरडत होता. मुंबईहून तसाच आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. आजूबाजूच्या खिडक्या पटापट उघडल्या. आणि मी? मी टॉवेलानं हात पुसत ओट्यावर आलो आणि शांतपणे म्हणालो, "असणार कसा? मागच्या महिन्यात वारला बिचारा."

यातलं खरं काय ते मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. फादरांपाशीही नाही. पापनिवेदनात मी सांगतो ती पापं हलकी असतात, एका धुण्यात निघणारी.

आमच्या गास गावात मला ओळखत नाही असं कुत्रंही सापडायचं नाही. आमच्या विहिरीत मगर आहे, ही बातमी माझी. त्या मगरीला आता नातवंडं झालीत, आणि पोरं अजून काठावरून डोकावतात. लग्न असो, मयत असो, घोळका माझ्याभोवती. मंत्रालयापासून मर्तिकाच्या पेटीपर्यंत कुठलंही काम काढा — तिथे आपला माणूस आहेच. असं मी म्हणायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. कुणाचं काय बिघडत होतं?

लोर्नाला मात्र हे हसण्यावारी न्यायचं असतं हे ठाऊक नव्हतं. ती फिलिपिन्सची. तिकडे शिकलेली नर्स, पुढे कुवेतच्या मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग सांभाळणारी. तिथेच इनासशी तिचं जमलं आणि लग्न होऊन ती गासात आली. वसई, नालासोपारा, विरार — सगळी हॉस्पिटलं पालथी घातली, सगळीकडे एकच उत्तर: आधी तुमच्या पदवीची इथे नोंदणी आणा. तिच्या बाळाच्या बारशाला ती हे सांगत होती आणि भोवती माणसं होती. माणसं दिसली की माझी जीभ थांबते थोडीच? म्हणालो, "अगं, नोंदणीच्या हापिसात आपला सावंत आहे. माझ्या शब्दाबाहेर नाही."

झालं. सावंत जन्माला आला. हळूहळू त्याला टक्कल पडलं, पोरीचं लग्न ठरलं, गुडघा दुखायला लागला. त्याला वसईची सुकेळी आवडतात असंही मी एकदा बोलून गेलो. तेव्हापासून इनासची आई त्याच्यासाठी सुकेळी बांधून द्यायची. ती कोण खात होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच सुमाराला माझी आई मोरीत पडली. खुबा मोडला, ती अंथरुणाला खिळली. लोर्ना आपणहून आली. सकाळ-संध्याकाळ यायची — पुसणं, भरवणं, कूस बदलणं. आईच्या पाठीला एक फोड आला नाही. मी तिला आयाबाईला देतात तेवढं देत होतो. नर्सचं कसं देणार? नोंदणी कुठे होती?

इथवर थाप होती. थापेला मी पाप म्हणत नाही. पाप पुढे आहे — आणि मी तिथे यायचं टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

एका लग्नात विरारच्या एका हॉस्पिटलची मेट्रन माझ्या शेजारी जेवायला बसली. मी सहज लोर्नाच्या नोंदणीचं विचारलं. ती म्हणाली, यात ओळखबिळख काही लागत नाही. मुलीनं स्वतः कागद द्यायचे, तिकडून खातरजमा होते, मग परीक्षा. फक्त तिकडचं लायसन्स चालू असताना करायला सांगा. ते संपलं की सगळं मुळापासून.

मी घरी आलो. लोर्ना आईचे केस विंचरत होती. एक वाक्य बोलायचं होतं — मला, ज्याला उभ्या जन्मात शब्द कमी पडला नाही. मी म्हणालो, "सावंत म्हणतो, फाईल वर गेलीय."

का? ती हॉस्पिटलात गेली तर माझ्या आईची कूस कोण बदलणार? एवढंच. दुसरं काही नाही. तिचं लायसन्स कधी संपतं तेही मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं, सावंतांना कळवा म्हणून. तो महिना आला. गेला. मी आईला पेज भरवत होतो.

तर त्या दिवशी अंगणात मी सावंताला मारला आणि इनासचा आवाज खाली आला. मेलेल्या माणसाशी कोण भांडणार? लोर्ना धावत आली होती, तिनं नवऱ्याचा हात धरला. मला विचारलं, साहेबांचं पूर्ण नाव काय? काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो, "गजानन."

रविवारी मिस्सा होती. फादरांनी मृतांची नावं वाचली आणि त्यांत आलं — गजानन सावंत, यांच्या आत्म्याला चिरशांती लाभावी. लोर्नानं पैसे भरून त्याच्या नावानं मिस्सा दिली होती. सगळं चर्च म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मीही गुडघ्यांवर होतो. मीही म्हणालो — सवयीनं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

संध्याकाळी ती नेहमीसारखी आली. मी म्हणालो, सावंतच्या जागी नवा माणूस आलाय, त्याच्याकडे शब्द टाकतो. अजूनही — ऐकताय ना? — अजूनही मी हेच म्हणालो.

ती चादर सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, "नको, अंकल. माझं तिकडचं लायसन्स मागच्या महिन्यात संपलं. आजीचे पाय धरा, कुशीवर घ्यायचंय."