हिरेमठ सरांचा अज्जा

हिरेमठ सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले की आधी भट्टीच्या दारापुढे तळहात धरायचे. त्यांच्याच हाताखाली शिकणारी मी समोर उभी राहून नमस्कार केला तरी तो त्यांना दिसायचा नाही. हाताला धग लागली की चेहरा सैल व्हायचा, पिशवी खुंटीला जायची आणि मग विचारायचे, "काय गं सविता, अज्जा काय म्हणतोय?" बाहेर सोलापूरचा मे महिना, आत ही भट्टी, आणि मी मंद्रूपहून एसटीत उभी राहून आलेली. मनात म्हणायची, अज्जा मजेत आहे सर, मीच जाते आता वर.

अज्जा म्हणजे कन्नडमध्ये आजोबा. सरांच्या घरात कन्नड, आमच्याशी मराठी. भट्टीत रुपयाएवढी सिरॅमिकची चकती होती, तोच सरांचा अज्जा. एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं हवा. लालबुंद तापली की ती वीज द्यायची. नव्या चकतीचं कौतुक सगळेच करतात. सरांना ती म्हातारी कशी होते ते बघायचं होतं. तिची वीज दिवसेंदिवस कमी होते, ती कशानं? तिच्यातले निकेलचे कण एकमेकांना चिकटून जाड होतात म्हणून, की जोडणीच्या स्टीलमधलं क्रोमियम उडून तिच्यावर बसतं म्हणून? "कशानं झिजतं ते कळलं तर थांबवता येईल की," म्हणायचे. त्यासाठी चकती शेवटपर्यंत तापलेली राहून आपल्या मरणानं मरायला हवी होती. आधीच्या सगळ्या चकत्या लाइट गेल्यावर भट्टीबरोबर गार होऊन तडकल्या. "म्हातारं होऊ दे, लई होऊ दे. थंड तेवढं करू नको," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की घरी आई भाकरी झाकून ठेवायला लागली तरी मला सर आठवायचे.

हा अज्जा मात्र चिवट निघाला. वर्ष उलटलं तरी वीज देत होता, रोज थोडी थोडी कमी. दिवे गेले की सर अनवाणी धावत जाऊन जनरेटर सुरू करायचे. मला हसू यायचं. पण त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. आता नवी चकती लावून म्हातारी करायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. जे कळायचं ते याच्याकडूनच.

तेवढ्यात खालच्या वर्गातल्या विजेच्या बोर्डातून ठिणग्या उडाल्या. सगळं वायरिंग बदलायचं ठरलं. जनरेटरची लाइनही त्याच बोर्डातून गेलेली. "सर, काम होईपर्यंत इमारतीत कुठंच करंट नको," वायरमन सलीमभाई म्हणाले, "उद्याचा एक दिवस थांबतो. त्याच्यावर माझ्या हातात नाही."

मी प्राचार्यांकडे भांडायला निघाले. सरांनी अडवलं. "कुणाशी भांडतीस? पोरं बसतात तितं खाली. बरोबर हाय त्यांचं." कुणी चुकलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सर सकाळपासून स्टुलावर बसून होते. तडा न जाता अज्जा गार व्हावा म्हणून भट्टीची उष्णता इतकी हळूहळू उतरवत होते की काटा हललेला दिसू नये. डबा तसाच राहिला. सलीमभाई दोनदा दारात येऊन परत गेले. दुपारी उशिरा आवाज आला, काचेची बांगडी पिचावी एवढासा. मला वाटलं, भास असेल. सरांकडे बघितलं तेव्हा कळलं, भास नव्हता.

"गेला," सर म्हणाले. मग उठून दारापाशी गेले आणि सलीमभाईंना म्हणाले, "या. करा तुमचं काम."

सकाळी भट्टी उघडली. चकतीचे दोन तुकडे झाले होते, कडेनं थर सुटून आला होता. सर चिमट्यानं तुकडे उलटेपालटे करून उजेडाला धरून बघत राहिले. "आता म्हातारपण कुठलं आणि तडा कुठला, कसं सांगायचं गं?"

मला रडू आलं. तशीच मी डबी पुढं केली. सरांनी तुकडे डबीत ठेवले, पिशवी खांद्याला लावली. निघताना सवयीनं गार भट्टीच्या दारापुढे तळहात धरला, आणि पोळल्यासारखा चटकन मागं घेतला.