घाटाच्या राजाचा मालक

मी निरगुडसरला खाकरलो तर मंचरला ऐकू जातं, असं माझी बायको म्हणते, आणि ती हे कौतुकानं म्हणत नाही. जुन्नर-आंबेगावात यात्रांचे दिवस आले की बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे बैल पळवायच्या चढावर, माईकवर मी असतो. चार बैलांचा गाडा खालून सुटतो, चढाला भिडतो आणि निशाणापर्यंत पोहोचतो. तेवढ्या सेकंदांत मी मालकाचं गाव, बैलांचं कूळ आणि जमलंच तर समोर बसलेल्या एखाद्या पुढाऱ्याची टिंगल, एवढं सगळं कोंबतो. सगळ्यांत वेगात आलेल्या गाड्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. ढाल मालक घेतो, फेटा मालकाला बांधतात, फोटो मालकाचा निघतो. बैलांच्या अंगावर भंडारा उधळतात. बैलांनी याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण आमच्या गल्लीतल्या मुलीला देशातली वर्षातली सर्वोत्कृष्ट फुटबॉल खेळाडू म्हणून पुरस्कार मिळाला, तेव्हा गावाला कुठलाही मोठेपणा मोजायला घाटाशिवाय दुसरं माप नव्हतं.

ही पोरगी शाळेमागच्या मैदानावर वाढली. एका गुरुजींनी कुठून तरी चेंडू आणला आणि पोरी त्याच्यामागं धावायला लागल्या. मी संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर बसून घाटातल्या थाटात पुकारायचो, “सुटलीऽऽ सुटलीऽऽ, अंगणवाडीच्या बाजूनं सुटली, आता हिला आई हाक मारंल तरच थांबंल!” ती हसून खाली बसायची. “काका, गप बसा ना. पायातलं बळच जातं.”

तिचे चुलते घरातले थोरले आणि गाड्याचे मालक. एकदा ते मैदानावर आले आणि तिला वेणीला धरून घरी घेऊन गेले. “चड्डी घालून पळती? गावात तोंड दाखवायचं का नाय आमी?” असं तिला नव्हे, आम्हा सगळ्यांना ऐकवत गेले. बाप भावाच्या पुढं बोलणारा नव्हता. शेवटी आईनं शिवणकाम शिकायला म्हणून तिला पुण्याला मावशीकडं पाठवलं. शिवणयंत्राला तिनं हात लावल्याचं कुणी पाहिलं नाही.

पुरस्काराची बातमी टीव्हीवर आली त्या सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर गावचं तज्ज्ञमंडळ बसलं.

“गोल किती मारलं तिनं?” चहावाल्यानं मला विचारलं.

“ती मारत नाही. बचावात खेळते. दुसऱ्यांचे अडवते.”

“अडवायचं बक्षीस? मग आपल्या तलाठ्याला का देत नाय राव?”

सगळे खिदळले. मीही खिदळलो, विनोद चांगलाच होता. तेवढ्यात यात्रा कमिटीचे अध्यक्ष बाकावरून उठले. “आरं, हसता काय? अख्ख्या देशात एक नंबर. म्हंजी देशाच्या घाटाचा राजा!”

आता सगळ्यांना कळलं होतं. जंगी सत्कार करायचा, हे तिथंच ठरलं.

तिचा फोन मला आला. “काका, सत्कार नको. पण येते. एकच अट आहे. मैदान पोरींना ठेवणार, असं अध्यक्षांनी स्टेजवर सगळ्यांसमोर सांगायचं.”

अट हवेतली नव्हती. जुन्या घाटाच्या जागेवर प्लॉट पडले होते आणि कमिटीचा डोळा शाळेमागच्या मैदानावर होता. त्या मैदानावर अजून पोरी खेळत होत्या. त्यांचे चेंडू हीच पुण्याहून पाठवायची. मैदान ग्रामपंचायतीचं आणि ग्रामपंचायत अध्यक्षांच्या शब्दाबाहेर नाही. मी फोन त्यांच्यापुढं धरला. “ताई, तू नुसती ये गं,” ते म्हणाले. “तुझा शब्द त्यो गावाचा शब्द.”

ती आली. कार्यक्रम मैदानावरच होता. मांडवाचे खांब नेमके पोरींच्या गोलच्या जागी रोवले होते. वेशीपासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. ती मागं उभी, अंगात निळं जाकीट, आणि पुढं हलगीवर चुलते नाचताहेत. असे नाचताहेत की नवख्या माणसाला वाटावं, देशाकडून हेच खेळून आले. लोकांनी तिच्यावर भंडारा उधळला. डोळ्यांत गेला, नाकात गेला, ती शिंकत शिंकत हात जोडत होती. गाडा जिंकल्यावर बैल कसे दिसतात ते मला माहीत होतं. मी दुसरीकडं बघितलं.

स्टेजवर आधी पाहुण्यांचे सत्कार झाले, मग पाहुण्यांना घेऊन आलेल्यांचे. मग अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. “आता मानाचा फेटा. मालकाला पुकार.”

“कुठला मालक?”

“चुलतं की राव! त्यांच्याच दावणीची ना पोरगी?”

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी माईक तोंडाशी धरला आणि घाटातला सगळा दम लावून म्हणालो, “मंडळी, अध्यक्ष म्हणतात मालकाला बोलवा. पोरीला मालक नसतो! हिला वेणी धरून मैदानातून नेणारे होते, ते फेट्याला पुढं आलेत!”

मांडव हसून लोळला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. चुलतेही पोट धरून हसले, माझ्याकडं बोट करून “बेनं लई वंगाळ हाय” म्हणाले, पुढं आले आणि फेटा बांधून घेतला. शाल त्यांना, नारळ त्यांना, पुरस्काराची ढालसुद्धा फोटोपुरती त्यांच्या हातात. ती शेजारी उभी होती, पापण्यांवर पिवळं घेऊन. आयुष्यभर लोकांना हसवलं की काय होतं, ते मला त्या दुपारी समजलं. खरं बोललेलंही हास्यात जमा होतं.

अध्यक्षांनी माईक घेतला. “ताईला आमी शब्द दिला व्हता. मैदान राखायचा. तर मंडळी, ह्या मैदानावर आपला नवा घाट व्हनार आणि घाटाला कमान ताईच्या नावाची!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते, हे सगळ्यांत वाईट. त्यांच्या हिशेबी यापेक्षा मोठा मान जगात नव्हता.

तिनं माईक मागितला. ती बोलायला लागली, आणि त्याच क्षणी चुलत्यांनी गर्दीला नमस्कार म्हणून हात वर केला. घाटातली रीत अशी की मालकाचा हात वर गेला की हलगी वाजते. हलगी वाजली. मी हातभर अंतरावर होतो म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, “हे मैदान नसतं तर मी कुणीच नसते. मला कमान नको. पोरींना इथं खेळू द्या.”

मी मोकळ्या गळ्यानं ओरडलो, “हलगी थांबवाऽऽ!” पण हलगीवाल्यांनी माझी आरोळी घाटात एकाच प्रसंगी ऐकलेली, गाडा निशाणाजवळ आल्यावर. त्यांना चेव आला. त्यांनी दुप्पट जोरानं बडवलं.

तिचं बोलणं संपलं. तिनं हात जोडले. लोकांनी न ऐकलेल्या भाषणाला भरभरून टाळ्या दिल्या. जाताना ती ढाल मागायला चुलत्यांकडं गेली, तर ती केव्हाच घरी पोहोचून बैलांच्या ढालींमध्ये मांडली गेली होती. “ऱ्हाऊ दे ना, गावाला बगायला,” चुलते म्हणाले. तिनं तोंड धुतलं आणि ती गाडीत बसली.

आता घाट झाला आहे. मुरूम आणून मैदानाला चढ दिला. कमान उभी आहे, तिचं नाव ठळक, आणि खाली सौजन्य म्हणून चुलत्यांचा फेटा बांधलेला फोटो. माझ्याच आवाजात पहिली शर्यत पुकारावी असा कमिटीचा आग्रह होता. घसा बसलाय, असं मी सांगितलं. ऐकून सगळे हसले.

पोरी मात्र गेल्या नाहीत. संध्याकाळी त्या घाटातच खेळतात. एक गोल वर, एक गोल खाली. खालच्यांनी मारलेला चेंडू उलटा त्यांच्याच अंगावर येतो आणि वरच्यांचा सुटला की थेट ओढ्यात जातो. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी भिंतीवर होतो. फोन फिरवून तिला खेळ दाखवला. ती बराच वेळ बघत होती.

“काका, खालच्या बाजूला कोण आहे?”

“लहान्या पोरी.”

“अख्खा वेळ चढालाच खेळतात? मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना?”

“मध्यंतराला बैल येतात,” मी म्हणालो. “सरावाला.”

ती हसली नाही. मीही नाही.

“पुकारा ना काका,” ती म्हणाली.

तेवढ्यात कमानीखालून चुलत्यांची बैलजोडी आत आली आणि पोरी चेंडू उचलून भिंतीकडं धावल्या.